जमीन आरोग्य पत्रिकेत नसलेला रकाना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आज जमीन आरोग्य पत्रिका नावाचा एक कागद सापडतो. केंद्र शासनाने ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. शेतातील मातीचा नमुना प्रयोगशाळेकडे जावा, तेथे तो तपासला जावा आणि बारा बाबींचे आकडे छापून शेतकऱ्याच्या हाती यावेत, अशी ही व्यवस्था आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा या बारा बाबी. योजना मुळात वाईट नाही. तथापि ही यादी शांतपणे वाचली तर ध्यानात येते की तिचा सारा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: या जमिनीत आणखी काय घालावे? जे नको ते या जमिनीत किती येऊन बसले आहे, हा प्रश्न पत्रिकेला ठाऊकच नाही. खताच्या गोणीचा हिशेब तिच्यात बारकाईने मांडलेला आहे. डीडीटी, बीएचसी, एन्डोसल्फान किंवा कारखान्यांतून येणारी चिवट रसायने यांच्यासाठी मात्र तिच्यात रकाना नाही.

हा रकाना का नाही, याचे उत्तर वर्षानुवर्षे तांत्रिक भाषेत दिले गेले. अशी तपासणी फार वेळखाऊ, फार खर्चिक, एवढ्या शेतांची ती करायची कशी, हे ते उत्तर. एके काळी त्यात तथ्य होते. आज त्यातील बराच भाग उरलेला नाही, आणि जो उरला आहे तो तंत्रज्ञानाचा प्रश्न नसून मालकीचा आणि इच्छेचा प्रश्न आहे.

शहापूर-मुरबाडची माती दूषित आहे, असे येथे म्हणायचे नाही. ती स्वच्छ आहे असेही कोणाला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, ही खरी अडचण आहे. या रसायनांचा स्वभावच असा की ऊन, पाऊस आणि जिवाणू यांना ती सहजी दाद देत नाहीत. जुनी कीटकनाशके पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र चटकन विरघळतात. त्यामुळे मातीतून गवतात, गवतातून गुरांत, गुरांच्या दुधातून माणसांत आणि आईच्या दुधातून तान्ह्या मुलात त्यांचा प्रवास होतो, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा साठा वाढत जातो.

या भागाचा इतिहासही विसरता येत नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरच्या हिवतापग्रस्त गावांतील घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. त्या फवारणीने असंख्य जीव वाचवले. आज मागे वळून तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण कुडाच्या भिंतीवर बसलेले औषध भिंत पडली, नव्याने लिंपली, की परसात उतरते, हेही तितकेच खरे. भातावरील किडीसाठी बीएचसीची भुकटी, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे गॅमेक्सिन, धुरळले जाई. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. तोवर या दोन्हींची सवय शेतीला लागून गेली होती. येथे एक गोष्ट समाजवाद्यांनी स्वतःशीही कबूल केली पाहिजे. हे डीडीटी करणारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी सार्वजनिक क्षेत्रातील होती, आणि तिचा एक कारखाना शेजारच्या रायगड जिल्ह्यात रसायनी येथे होता. सार्वजनिक मालकी असली की माती आपोआप सुरक्षित राहते, असे मानण्याला आधार नाही. कोणत्याही मालकावर लोकांची नजर लागते, आणि नजरेला मोजमाप लागते.

स्टॉकहोम येथे २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा बारा रसायनांना आवर घालण्याचे ठरवले. भारताने जानेवारी २००६ मध्ये तो करार मान्य केला. पुढे यादी वाढत गेली. २०११ साली एन्डोसल्फान तिच्यात आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशात बंदी घातली. अलीकडे तिच्यात फ्लोरिनयुक्त रसायनांची एक निराळीच जात शिरली आहे. जग तिला ‘पीफास’ या आद्याक्षरी नावाने ओळखते. अन्न न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कापड, तेलाच्या आगी विझवण्याचा फेस अशा नित्याच्या वस्तूंत ही रसायने असतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट की निसर्गाला तो सहसा तोडता येत नाही. जुन्या कीटकनाशकांप्रमाणे ही सारी मातीला चिकटून बसत नाहीत. त्यांतील पुष्कळशी पाण्याबरोबर खाली उतरतात आणि विहिरीत पोचतात.

मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. आसनगाव-वाशिंदचा पट्टा कारखान्यांनी आणि गोदामांनी भरतो आहे. नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्त्यामागोमाग गोदामे येतात, गोदामांना आगी लागतात, आगींवर फेस मारला जातो आणि तो पावसाच्या पाण्याबरोबर शेजारच्या भातखाचरात जातो. काळू आणि भातसा या नद्यांचे पाणी शेवटी उल्हासेला मिळते. या साखळीतील कोणत्या कडीवर काय साचले आहे, हे कोणीतरी मोजले तरच कळेल.

मोजण्याची रीत आता पाहिली पाहिजे, कारण सारा वाद तेथे येऊन थांबतो. मातीतील नत्र-पालाश मोजणे तुलनेने सोपे. चिवट रसायने मातीच्या कणांत रुतून बसलेली असतात आणि त्यांचे प्रमाण अब्जांश भागात मोजावे लागते. म्हणून आधी ती मातीतून सोडवून द्रावकात आणावी लागतात. या अर्क काढण्याच्या क्रियेला निष्कर्षण म्हणतात. फ्रान्त्स फॉन सॉक्सलेट या शास्त्रज्ञाने १८७९ साली दुधातील चरबी मोजण्यासाठी काचेचे एक उपकरण केले. त्यात खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने नमुन्यावर पडते आणि भांडे भरले की आपोआप खाली उतरते. मातीच्या परीक्षणासाठी हीच रीत शतकभर प्रमाण मानली गेली. दहा ग्रॅम मातीसाठी सुमारे ३०० मिलिलिटर द्रावक आणि सोळा ते चोवीस तास लागत. एका काचेत एका दिवसात एकच नमुना. शंभर शेतांची माती तपासायची म्हटली की पिंपभर द्रावक आणि महिन्यांचे काम. ‘फार वेळखाऊ, फार खर्चिक’ हे उत्तर या काचेतून जन्माला आले.

१९९५ च्या सुमारास दाबाखालील द्रावकाने निष्कर्षण करणारी स्वयंचलित यंत्रे बाजारात आली. वाळवून चाळलेली माती जाड पोलादी नळकांड्यात भरतात. यंत्र तिच्यात द्रावक सोडते, शंभर अंश सेल्सियसपर्यंत तापवते आणि वातावरणाच्या सुमारे शंभरपट दाब देते. हेक्झेन एरवी ६९ अंशांना उकळते, अॅसिटोन त्याहून आधी. दाबामुळे ती उकळू शकत नाहीत, द्रवच राहतात; आणि तापलेला द्रव मातीच्या बारीक छिद्रांत शिरून तेथे रुतलेले रसायन सोडवतो. पाचेक मिनिटे तसेच ठेवून, ताजा द्रावक फिरवून, नायट्रोजनच्या झोताने सारा अर्क बाटलीत ढकलला जातो. एका नमुन्याला पंधरा-वीस मिनिटे आणि ३०० ऐवजी फार तर चाळीसेक मिलिलिटर द्रावक पुरतो. नळकांडी ओळीने लावून ठेवली की यंत्र एकामागून एक नमुने स्वतःच उरकते. काल भरलेल्या दोन डझन नमुन्यांचे अर्क आज सकाळी तयार. त्यांचे शुद्धीकरण आणि अखेरचे मोजमाप ही कामे उरतातच, पण जो टप्पा सर्वांत रेंगाळत असे तो मोकळा झाला.

‘स्वयंचलित’ हा शब्द ऐकताच जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती पडावी असा इतिहासही आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातला तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध दीर्घ लढा दिला होता. डॉ. लोहियांचा आग्रह तर छोट्या यंत्राचा होता. पण येथे यंत्र कोणाच्या हातचे काम काढून घेते, हे पाहिले पाहिजे. ते काढून घेते रात्रभर द्रावकाच्या वाफेत बसण्याचे काम. हेक्झेन मज्जातंतूंना इजा करते. क्लोरिनयुक्त द्रावक त्याहून बरे नाहीत. हे काम वाट्याला येते ते बहुधा कंत्राटी मदतनिसाच्या. मातीचे नमुने गोळा करणे, वाळवणे, नोंदी ठेवणे, अर्क तपासणे, निष्कर्ष गावात जाऊन समजावून सांगणे, यांसाठी माणसे लागतातच. किंबहुना तपासणी वाढली तर अधिक लागतात. टेबलावर मावणारे हे यंत्र लोहियांना खटकले असते असे वाटत नाही. ते कोणाच्या टेबलावर आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी निश्चित विचारला असता.

यंत्राचा दुसरा गुण वेळेच्या बचतीहून मोठा आहे. अहवालात छापलेला आकडा मातीत किती रसायन आहे हे सांगत नाही. मातीतून किती बाहेर काढता आले हे सांगतो. अर्क अर्धवट निघाला तर आकडा निम्मा येतो, आणि निम्मा आकडा कारखान्याच्या वकिलाला पुरतो. म्हणून निष्कर्षणापूर्वी नमुन्यात एका खुणेच्या रसायनाची ठरावीक मात्रा मिसळतात आणि त्यातील किती परत मिळाली हे अहवालात नोंदवतात. तापमान, दाब आणि वेळ यंत्राने बांधून दिली असली की शहापूरच्या मातीचा आकडा आणि अन्य कोठल्या मातीचा आकडा एका मापाने तोलता येतो. केरळातील कासरगोडमध्ये काजूच्या सरकारी बागांवर वर्षानुवर्षे विमानातून एन्डोसल्फान फवारले गेले. तेथे वेगवेगळ्या तपासण्यांचे आणि समित्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, आणि त्या घोळात पीडितांची वर्षे गेली. प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघायला २०१७ साल उजाडले.

महाराष्ट्रापुढे तर याहून ताजे उदाहरण आहे. इटलीत व्हेनेतो प्रांतातील त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना १९६० च्या दशकापासून फ्लोरिनयुक्त रसायने करीत होता. भोवतालच्या पाण्यात ती उतरली असल्याचे सार्वजनिकरीत्या उघड झाले २०१३ साली. तोवर सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम झालेला होता. आपल्या मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन तेथील आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. दरम्यान कारखान्याची यंत्रसामग्री आणि तंत्र २०१९ साली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या विवा लाइफसायन्सेस या उपकंपनीने विकत घेतले होते, आणि ती यंत्रे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. जे इटलीच्या लोकांनी नाकारले ते कोकणात सुखाने नांदेल, हा हिशेब भांडवलाचा आहे. त्यात नवे काही नाही. लोट्याची माती आज दूषित झाली असा आरोप येथे करायचा नाही. परंतु उद्या कोणी आरोप केला, तर तो सिद्ध करायला किंवा खोडून काढायला यंत्रे येण्यापूर्वीचा आकडा लागेल. पूर्वस्थितीची नोंद नसली की ‘हे आधीपासूनच होते’ हे एक वाक्य कोणत्याही मालकाला पुरेसे होते. शहापूर आणि मुरबाडला हा धडा वेळेवर मिळाला आहे. गोदामांचा आणि कारखान्यांचा लोंढा अजून पुरता आलेला नाही.

मग आजवर मोजले काय गेले? २००३ साली महाराष्ट्रातील द्राक्षे कीटकनाशकाच्या अंशांवरून युरोपात अडली आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश तपासण्याची उत्तम व्यवस्था उभी राहिली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून पुन्हा माल अडकला, तपासणी आणखी कडक झाली. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते तेव्हा तिचीही पारख होते. मुंबईला जाणाऱ्या पाण्याची महापालिका नेमाने तपासणी करते, आणि करावीच. त्यातले जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा धरणाचे असते. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवत आहे. त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही कहाणी कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. मातीचे दुखणे त्याच जातीचे आहे. युरोपचे गिऱ्हाईक विचारते म्हणून भेंडी तपासली जाते आणि मुंबईचा नागरिक विचारतो म्हणून पाणी तपासले जाते. ठाकूर, कातकरी, कुणबी ज्या जमिनीचा भात स्वतः खातात त्या जमिनीविषयी विचारणारे गिऱ्हाईक नाही. बाजाराकडे हा प्रश्न सोपवला तर तो कधीच विचारला जाणार नाही. एकर-दीड एकराच्या शेतकऱ्याला खाजगी प्रयोगशाळेचे शुल्क परवडत नाही. शिवाय त्याच्या शेताचा आकडा शेजाऱ्याच्याही उपयोगाचा असल्याने त्याने एकट्याने तो विकत का घ्यावा? कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील आपला ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध केला. उद्योग आपल्या खर्चाचा एक भाग समाजावर ढकलतो, हे त्याचे प्रतिपादन. ढकललेला खर्च मोजलाच गेला नाही तर तो ताळेबंदात शून्य म्हणून राहतो, हे त्याला जोडून म्हणता येईल.

शेतकऱ्याच्या मनातील एक भीती येथे लपवून चालणार नाही. माती तपासली आणि काही निघाले, तर भेंडी कोण घेईल? जमिनीला भाव काय येईल? पीककर्ज देताना बँक काय म्हणेल? ही भीती अज्ञानातून आलेली नाही. ती रोकड्या अनुभवातून आलेली आहे. तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हे सांगितले पाहिजे की निष्कर्षाची किंमत शेतकऱ्याने मोजायची नाही. तपासणी गावनिहाय व्हावी, पहिला अहवाल ग्रामसभेपुढे यावा, दोष आढळल्यास नुकसानभरपाई आणि जमीन सुधारण्याचा खर्च दूषित करणाऱ्याकडून वसूल व्हावा आणि तो सापडत नसेल तर शासनाने उचलावा. एवढी हमी नसेल तर शेतकरी नमुना देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यातील काही गोष्टींना आता कायद्याचा आधार मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार स्थानिक संस्थांनी किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे आणि गरज पडल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. नियम निघाले तेव्हा देशात अशी १०३ स्थळे निश्चित झालेली होती आणि प्रत्यक्ष काम सुरू झाले होते केवळ सातांवर. कागदाची गती यावरून कळावी. पण यादीची सुरुवात गावातून होऊ शकते, हा धागा सोडून देण्याजोगा नाही. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिलेले आहेत. ग्रामसभांनी ठराव करून संशयित जागांची नावे जिल्हा प्रशासनाकडे पाठवली, तर नव्वद दिवसांची मोजणी कोणाला तरी सुरू करावी लागेल.

प्रयोगशाळेची मागणीही याच वेळी व्हावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापे येथे आहे. ठाण्याच्या शेतीसाठी एक स्वतंत्र, सार्वजनिक मालकीचा विभाग तेथे किंवा जिल्ह्यात उभारणे राज्याच्या अंदाजपत्रकाला जड नाही. अशा यंत्राचा एकरकमी खर्च मोठा आणि प्रत्येक वाढत्या नमुन्यामागचा खर्च लहान असतो. शंभर नमुन्यांना ते महाग, दहा हजार नमुन्यांना स्वस्त. सार्वजनिक मालकीच्या बाजूचा याहून सोपा युक्तिवाद अर्थशास्त्रात क्वचितच सापडेल. मात्र यंत्र विकत घेणे आणि ते चालू ठेवणे यांत अंतर आहे. सरकारी खोल्यांत प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेली यंत्रे सर्वांनी पाहिली आहेत. मागणी करायची ती यंत्रासह कायमस्वरूपी रसायनतज्ज्ञांच्या पदांची, सुट्या भागांची आणि शुद्ध द्रावकांच्या वार्षिक तरतुदीची. फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी आणखी एक दक्षता लागते: यंत्रातील टेफ्लॉनच्या नळ्याही त्याच कुळातल्या असल्याने अर्कात त्यांचाच अंश उतरू शकतो. म्हणून रिकाम्या नमुन्याची चाचणी प्रत्येक खेपेस घ्यावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मातीसह अनेक माध्यमांतील अशा चाळीस रसायनांसाठी जानेवारी २०२४ मध्ये जी पद्धत अंतिम केली, ती आधाराला घेता येईल.

नमुने गोळा करण्याचे काम मात्र प्रयोगशाळेच्या प्रतीक्षेत थांबायला नको. भात कापून झाल्यावर आणि भेंडीची लावणी होण्याआधी शेते मोकळी असतात. तो काळ सोयीचा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे, ही रीत शेतकऱ्यांना कृषी खात्याने शिकवलेलीच आहे. फरक भांड्याचा. पत्रिकेसाठी कापडी पिशवी चालते. कीटकनाशकांच्या तपासणीला स्वच्छ काचेची बाटली लागते आणि फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी जाड पॉलिथिनची. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न शोषणारा कोट नसावा. बाटलीवर गाव, गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहावी, आणि एक बाटली ग्रामपंचायतीच्या ताब्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी, मोहरबंद ठेवावी.